तळाचा गाळ ओतून टाकून वरचं पाणी तपासायला लावणाऱ्यांना खुलं पत्र

पाणी, सांडपाणी आणि हवेची मानकं ठरवणाऱ्या आणि देखरेखीच्या योजना आखणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगते, मी कोणी शास्त्रज्ञ नाही. पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तेरा वर्षं झाली. बाटल्यांना लेबलं लावायची, फिल्टर बसवायचे, प्लेटा इनक्युबेटरमध्ये टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यावरचे ठिपके मोजत बसायचं, हे माझं काम. तुम्ही वर बसून जे नियम लिहिता ते शेवटी खाली येऊन माझ्या टेबलावर पडतात, म्हणून म्हटलं टेबलावरून काय दिसतं ते एकदा तुम्हाला लिहावं, आणि उघडच लिहावं, कारण बंद पाकिटातल्या पत्राचं काय होतं ते मला कळून चुकलंय.

झालं असं की अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंवर सांडपाण्यात लक्ष ठेवायची एक नवी योजना आली, मसुदा लॅबना वाचायला पाठवला, सूचना मागवल्या. मला मनापासून आनंद झाला हो. रात्री जागून दोन पानं लिहून पाठवली, मुद्दा एकच होता, की नुसतं पाणी तपासू नका, पाण्यातले कण पण तपासा. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं. कणांशी संबंधित मोजमाप या योजनेच्या कक्षेबाहेर आहे.

कक्षेबाहेर म्हणजे नेमकं कुठे, तर सिंकमध्ये. सांगते कसं ते.

सॅम्पलची बाटली येते तेव्हा आतलं पाणी काही एकसारखं नसतं. पद्धतीच्या कागदात लिहिलेलं असतं की गढूळपणा जास्त असेल तर बाटली स्थिर ठेवा आणि वरचं पाणी घ्या, नाहीतर फिल्टर चोक होतो. होतोच चोक, खोटं नाही, मी स्वतः त्यापायी कितीदा वैतागलेय. तर वरचं नितळ पाणी फिल्टरवर जातं, त्याचा रिपोर्ट होतो, आणि तळाशी बसलेला बोटभर गाळ निर्जंतुक करून ओतून दिला जातो. त्या गाळात काय नसतं, मातीचे कण, जंतूंचे पुंजके, काजळी, टायरची झीज, धुण्यातून सुटलेले कपड्यांचे धागे, प्लास्टिकचा भुगा. एकदा त्यातला एक थेंब स्लाइडवर घेतला, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग लावला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. मधोमध एक लांब गुळगुळीत धागा, कृत्रिम कापडाचा असणार, आणि त्याच्या अंगावर साय धरावी तसा चिकट थर, आणि त्या थरात गुळाला मुंगळे लागावेत तसे जंतू. आजूबाजूच्या मोकळ्या पाण्यात इकडे एक, तिकडे एक. बराच वेळ बघत बसले मी. गर्दी कुठेय आणि आपण शिरगणती कुठे करतोय!

यात माझं स्वतःचं काय अडलंय असं कोणी विचारेल, तर तेही सांगते. माझ्या आईला मूत्रमार्गाचं इन्फेक्शन झालं, साधंच वाटलं होतं, गोळ्यांनी उतरेना म्हणून कल्चर केलं आणि सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट हातात आला. त्यात औषधांच्या नावांसमोर आर, आर, आर, आर, खालपर्यंत आर. आर म्हणजे रेझिस्टंट. हे अक्षर मी कामावर रोज लिहिते, पण आईच्या नावाखाली वाचताना हात गार पडले. शेवटी एक इंजेक्शन उरलं, किडनीला जड जाणारं, ते द्यायचं की नाही यावर डॉक्टरांनी आमच्याशी बसून बोलणं केलं. एकोणीस दिवस हॉस्पिटलमध्ये काढून आई घरी आली. तो जंतू तिला पाण्यातून आला की आणखी कुठून हे मला माहीत नाही आणि मी ते उगाच गाळावर ढकलणार पण नाही. पण त्या जंतूकडे रेझिस्टन्सचे इतके सगळे जीन, म्हणजे औषधाला पुरून उरायला शिकवणारे डीएनएचे तुकडे, एकाच ठिकाणी कुठून जमा झाले, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. आणि ही आमच्या एका घराची गोष्ट नाही, २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात थेट १२.७ लाख माणसं गेली आणि जवळपास ४९.५ लाख मृत्यूंमध्ये त्यांचा हात होता असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तुमच्या प्रत्येक मसुद्याच्या पहिल्या पानावर हे आकडे असतातच, म्हणून पुन्हा सांगत बसत नाही.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं गाऱ्हाणं मोजण्याचं. तुम्ही आमच्याकडून कॉलनी मोजून घेता. फिल्टरवर जे बसतं त्यातून प्लेटवर ठिपके उगवतात, एक ठिपका म्हणजे एक जंतू धरायचा. पण एका कणावर चिकटून हजार जंतू आले तरी ते सगळे मिळून ठिपका एकच देतात! म्हणजे गाळ ओतून टाकल्यावर जे थोडेफार कण वर तरंगत राहिले त्यांचाही हिशोब आपण हजाराला एक असा लावतोय. आणि जे जीन जंतूच्या बाहेर, पाण्यात मोकळे आहेत, ते तर फिल्टरच्या भोकांतून सरळ खाली निघून जातात, ते ना प्लेटवर दिसत ना रिपोर्टमध्ये. तिन्हीकडून गळती, आणि तरीही रिपोर्टवर आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत. सही मी करते त्याच्यावर.

दुसरं, मेलेला जंतू म्हणजे संपलेला जंतू हे तुम्ही गृहीत धरलंय. क्लोरीन टाकलं, यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाश मारला, प्लेटवर काही उगवलं नाही, पास. अहो पण १९२८ साली ग्रिफिथ या शास्त्रज्ञाने उष्णतेने मारलेले रोगकारक जंतू आणि जिवंत पण निरुपद्रवी जंतू एकत्र करून उंदरांना टोचले तेव्हा उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत रोगकारक जंतू सापडले. मेलेल्यांकडून काहीतरी जिवंतांकडे गेलं होतं. ते काहीतरी म्हणजे डीएनए हे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी दाखवलं. बारावीच्या पुस्तकात आहे हे. मग सांडपाण्यात मारलेल्या जंतूंच्या डीएनएचं पुढे काय होतं हा प्रश्न मानकं लिहिताना कोणालाच कसा पडत नाही?

इथे कणांचा खरा खेळ सुरू होतो, म्हणून जरा थांबून सांगते. मोकळा डीएनए पाण्यात फार टिकत नाही, पाण्यातली एन्झाइम्स त्याचे तुकडे करून टाकतात. पण तोच डीएनए चिकणमातीच्या कणाला चिकटला की एन्झाइमला तो सहजासहजी तोडता येत नाही. खरं तर माती आणि डीएनए दोघांवर ऋण भार, एकमेकांना ढकलायला हवेत, पण पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम मध्ये पडतात आणि सोयरीक जुळवून देतात, म्हणजे पाणी जड असेल तर अजूनच सोपं. आणि गंमत अशी की मातीला चिकटलेला डीएनए जसाच्या तसा उचलून आपलासा करणारे जंतू आहेत, हे १९८०-९० च्या दशकांत प्रयोगांनी दाखवून झालंय. काही नद्यांच्या तळगाळात तर जंतूच्या आतल्यापेक्षा बाहेरचा डीएनए जास्त सापडलाय. म्हणजे नदीचा गाळ हे जीन साठवायचं कोठार झालं आणि पूर आला की कोठाराचं दार उघडं. आपण मात्र त्याच नदीचं वरचं पाणी बाटलीत भरून नेतो.

आणि यूव्हीचं म्हणाल तर यूव्ही म्हणजे शेवटी प्रकाश, कणाच्या आड दडलेल्यावर तो पडतच नाही. पुंजक्याच्या बाहेरचे मरतात, पोटातले राहतात. पाणी शुद्ध करायचा प्लांट चालवणाऱ्या कोणालाही विचारा, गढूळपणा वाढला की निर्जंतुकीकरण गंडतं हे ते तोंडपाठ सांगतील.

तिसरं प्लास्टिक. ॲक्रिलिक कपड्यांच्या सहा किलोच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त धागे सुटू शकतात असं २०१६ च्या एका अभ्यासात आलं, ते सगळे गटारात. प्लांट चांगला चालला तर बहुतेक प्लास्टिक पाण्यातून काढलं जातं, ९० टक्क्यांच्या वर, आणि हा आकडा सगळे अभिमानाने सांगतात. पण काढलं म्हणजे गेलं कुठे? स्लजमध्ये, म्हणजे प्लांटमध्ये मागे उरणाऱ्या चिखलात. आणि स्लज गेला कुठे, तर बऱ्याच ठिकाणी शेतात, खत म्हणून. प्लास्टिकच्या कणावर जंतू वस्ती करून राहतात, दाटीवाटीने, आणि जीनची देवघेव व्हायला जंतू एकमेकांना खेटून असावे लागतात, प्लास्मिड, म्हणजे जीन वाहून नेणारं डीएनएचं छोटं कडं, हातोहात द्यायचं असतं ना. २०१८ मध्ये तलावाच्या पाण्यावर झालेल्या प्रयोगात मोकळ्या पाण्यातल्या जंतूंपेक्षा मायक्रोप्लास्टिकवरच्या जंतूंमध्ये प्लास्मिडची ही देवघेव जास्त वेळा झाली. २०२५ च्या एका प्रयोगात तर ई. कोलाय हे आतड्यातले जंतू नुसतं प्लास्टिकच्या कणांसोबत वाढवल्यावर, अँटिबायोटिक न देताही, त्यांच्यात रेझिस्टन्स वाढत गेलेला दिसला. आता लॅबमधली प्लास्टिकची मात्रा आणि नदीतली मात्रा यात फरक असतो हे मलाही कळतं, त्यावरून लगेच जग बुडालं म्हणायचं नाही. पण मग नदीतली मात्रा मोजा ना. मोजायचं पण नाही आणि लॅबचे निष्कर्ष लागू होत नाहीत असंही म्हणायचं, हे कसं चालेल.

चौथं जरा किचकट आहे पण मला सगळ्यात जास्त तेच खुपतं. कण म्हणजे नुसती जंतूंना घेऊन फिरणारी गाडी नाही. त्याच कणावर अँटिबायोटिक चिकटतं, तांबं-जस्त-पारा असले धातू चिकटतात. धातूला पुरून उरायचे आणि औषधाला पुरून उरायचे जीन बरेचदा एकाच प्लास्मिडवर शेजारी-शेजारी बसलेले असतात, त्यामुळे धातूचा मारा झाला तरी औषधाचा रेझिस्टन्स फुकटात टिकून राहतो. आणि औषध मारण्याइतकं असावं लागतं असंही नाही, जंतूची वाढ थांबवायला जेवढं लागतं त्याच्या शेकडो पटींनी कमी मात्रेतही रेझिस्टंट जंतूच वरचढ ठरतात हे २०११ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे पाण्यात औषध नगण्य आढळलं असं आपण रिपोर्टमध्ये लिहितो तेव्हा कणाच्या पृष्ठभागावर जमा झालेलं औषध त्या नगण्यमध्ये धरलेलंच नसतं. वर काही कण स्वतःच जंतूला छेडतात. ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म, नॅनो आकाराच्या कणांनी दोन वेगळ्या जातींच्या जंतूंमधली प्लास्मिडची देवघेव २०० पटींपर्यंत वाढवली, हे २०१२ चं काम. कण जंतूच्या अंगावर घासतो, आत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात, आवरण ढिलं पडतं, जंतू धोक्याची घंटा वाजवतो आणि त्या गडबडीत जीन इकडचे तिकडे.

सगळेच कण वाईट असंही मी म्हणत नाहीये बरं का. काही प्रकारचा बायोचार, म्हणजे काडीकचऱ्याचा कोळसा, डीएनए धरून ठेवतो, काही वेळा तोडूनही टाकतो, म्हणजे तो उलट आपल्या बाजूचा. तेच तर म्हणणं आहे, कुठला कण काय करतो हे वेगवेगळं बघायला हवं, आणि आत्ता आपण सगळ्यांना मिळून एकच नाव दिलंय, टोटल सस्पेंडेड सॉलिड्स, म्हणजे पाण्यात तरंगणारे एकूण कण. वजन केलं, मिलिग्रॅम लिहिलं, विषय संपला.

पाचवं हवेचं, थोडक्यात आटपते कारण हा माझा प्रांत नाही. २०१८ मध्ये जगातल्या १९ शहरांच्या हवेतल्या धुळीत रेझिस्टन्सचे ३० जीन शोधले गेले आणि शहरागणिक त्यांचं प्रमाण वेगवेगळं निघालं. २०२३ मध्ये ११६ देशांची आकडेवारी घेऊन केलेल्या अभ्यासात पीएम २.५, म्हणजे हवेतली अतिसूक्ष्म धूळ, जास्त तिथे रेझिस्टन्सही जास्त असं दिसलं, आणि २०१८ सालचे जवळपास ४.८ लाख अकाली मृत्यू याच्याशी जोडता येतील असा त्यांचा अंदाज. हे नातं आकड्यांमधलं आहे, एकामुळेच दुसरं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही, त्या अभ्यासावर टीकाही झालीये. मान्य. पण हवा घुसळणाऱ्या एरेशन टाकीच्या कठड्याजवळ मास्कशिवाय सॅम्पल भरणारी आमची पोरं आहेत, त्यांच्या नाकात काय जातं हे बघायला तरी ११६ देशांची गरज नाहीये.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. पुरावा अजून पुरेसा नाही. हे ऐकलं की मला ती म्हण आठवते, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. मोजायला परवानगी नाही कारण डेटा नाही, डेटा नाही कारण मोजायला परवानगी नाही. दुसरं उत्तर, खर्च. खर्च आहेच, जीन मोजायची पीसीआर तपासणी काही फुकट होत नाही. पण मी जे मागतेय त्यातलं निम्मं तर आहे त्याच सॅम्पलवर होण्यासारखं आहे, फक्त फेकायचं थांबवायचं.

तर मागण्या. बाटलीतलं वरचं पाणी आणि तळाचा गाळ दोन्ही तपासा आणि दोन्हींचे आकडे वेगळे लिहा, वरचे लिटरमागे आणि गाळाचे ग्रॅममागे. महिन्याला जमत नसेल तर तिमाहीला करा, पण पद्धतीच्या कागदात ते आलं पाहिजे, कारण कागदात नाही ते लॅबमध्ये होत नाही, हा तेरा वर्षांचा अनुभव. कॉलनीसोबत निदान दोन-तीन ठरलेले जीन मोजा, सल-वन (सल्फा औषधांना दाद न देण्याचा जीन) आणि इंट-वन (असे जीन गोळा करणाऱ्या यंत्रणेचा जीन) हे तर जगभर वापरात आहेत, त्यासाठी नवीन शोध लावायला नको. जंतूच्या आतला आणि बाहेरचा डीएनए निदान मोठ्या प्लांटवर तरी वेगळा बघा. निर्जंतुकीकरणाला पास म्हणायचं तर त्या वेळचा गढूळपणा त्याच ओळीत लिहा. स्लज शेतात जाण्याआधी त्यातलं प्लास्टिक आणि हे जीन मोजल्याशिवाय सोडू नका, आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात तो पडणार त्याला तो आकडा त्याच्या भाषेत सांगा. औषध कारखान्यांच्या पाण्याची मर्यादा ठरवताना विरघळलेल्या औषधासोबत गाळाला चिकटलेलंही धरा. २००७ साली हैदराबादजवळच्या औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या एका प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे प्रक्रिया झालेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं होतं, औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं अशा सांडपाण्याबद्दलचं मार्गदर्शन यायला २०२४ उजाडलं. सतरा वर्षं! कणांच्या बाबतीत तेवढं थांबू नका.

हवेसाठी तर नवीन काहीच नको. पीएम मोजायचे फिल्टर पेपर वजन करून झाले की कपाटात पडून असतात, त्यांचा नखाएवढा तुकडा डीएनएसाठी द्या. आणि हे सगळे आकडे लोकांना बघता येतील असे उघड ठेवा, पीडीएफच्या पीडीएफमध्ये पुरून नव्हे.

हे कुठे होत नाही असंही नाही. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये शहरी सांडपाण्याचा कायदा नव्याने केला, त्यात १ लाख लोकसंख्येइतका किंवा त्याहून जास्त भार असलेल्या ठिकाणी रेझिस्टन्सवर देखरेख आलीये, मायक्रोप्लास्टिकचं मोजमापही आलंय. त्यांनी पण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांतच ठेवल्यात म्हणा, प्लास्टिक इकडे आणि जीन तिकडे, पण रकाने तरी आहेत.

मी कोणावर आरोप करत नाहीये. तुमच्यातले काहीजण आमच्या लॅबला येऊन गेलेत, चांगली, अभ्यासू माणसं आहेत, त्यांनाही हे पटतं, पण मसुद्यात येताना काय होतं कोण जाणे. मला उत्तर दोन ओळींचं चालेल. फक्त कक्षेबाहेर आहे असं लिहू नका, कक्षेत कधी येणार ते लिहा, महिना आणि साल घालून.

तोवर मी एक केलंय, साहेबांना विचारून. प्रत्येक गढूळ सॅम्पलच्या तळाचा गाळ ओतून न देता दोन मिलीच्या ट्यूबमध्ये भरते, तारीख टाकते आणि डीप फ्रीझरच्या खालच्या खणात ठेवते. आत्तापर्यंत ८४ ट्यूब झाल्यात, खण भरत आलाय. कुठे पाठवायच्या तेवढं कळवा.

आपली,
पाणी तपासणारी एक टेक्निशियन